व्याह्यांच्या गाडीची साखळी

नाही, पण मी काय म्हणतो, कंबर काय फक्त ह्यांनाच दिलीय देवानं? आमची नाही धरत कंबर? पण म्हणून आम्ही चालती गाडी दुसऱ्याच्या दारात सोडून यष्टीनं घरी जातो का? सांगलीहून निघायचं ऐटीत, काळा चष्मा लावून, गळ्यात मफलर गुंडाळून, सातारला यायचं, पोटभर जेवायचं, पान लावायचं, आणि उठताना "आई गंऽऽ" करून कमरेला हात लावायचा आणि म्हणायचं, "नानासो, गाडी ऱ्हाऊ द्या तुमच्या शेडात, दसऱ्याला न्यायला येतो." झालं! गेले! आता तुम्हाला सांगतो, म्हैस ठेवून गेले असते तर वैरण घातली असती, दूध काढलं असतं... पण ही मोटार! तीही साधी नव्हे. हिरवीगार, जमिनीला टेकलेली, वर छप्पर नाही, आत जागा दोनच माणसांना, आणि तीसुद्धा अंग चोरून बसली तर. कुणा चहाच्या मळेवाल्या साहेबानं विलायतेला जाताना विकली आणि आमच्या लालासाहेबांनी घेतली. हळदीचे मोठे व्यापारी. सांगलीत अशी दुसरी नाही म्हणतात. असेल बाबा. पण ती माझ्या शेडात! हंड्या-घागरींच्या उतरंडीशेजारी! आणि गाडी कुणाची? गाडी व्याह्यांची!

आता तुम्ही म्हणाल, नानासो, राहू द्यायची तशीच, वर एक चादर टाकायची, तुमचं काय जातंय? बरोबर आहे. शहाणा माणूस तेच करतो. पण माझं काय आहे, मी भांड्यांचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण कानानं झालं. तांब्याचा हंडा असो, पितळेची घागर असो, एक टिचकी मारली की डाग कुठं दिलाय, पत्रा कुठं पातळ आहे, सगळं कळतं मला. आणि ही गाडी आमच्या बोळात शिरली तेव्हाच मला ऐकू आलं... खळ्ळ खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! कुणीतरी घागरीत खिळे घालून हलवतंय असं! बोळातली कुत्री उठून गेली हो! म्हटलं, हे काही बरं लक्षण नाही.

आणि आत एक जुनी गोष्ट होती, ती पण सांगून टाकतो. ह्यांच्या मुलाला माझी मनू दिलीय. लग्नात रुखवत मांडलेलं, सगळी भांडी माझ्या दुकानातली, एकेक निवडून काढलेली. आणि ह्या लालासाहेबांनी चारचौघांत त्यातली घागर उचलली, टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "बसका वाटतुया आवाज." बसका! माझ्या घागरीचा! हळद विकणाऱ्या माणसानं! मुलीचा बाप, काय बोलणार? गप्प हसलो. पण तेव्हापासून मनूलाही सासरी ऐकावं लागतं, भाजी करपली तरी "भांडं पातळ असंल माहेरचं," दूध उतू गेलं तरी "भांडं पातळ असंल माहेरचं." तीन वर्षं! म्हटलं, ही संधी आहे. गाडीचा खळखळाट बंद करून द्यायचा, दसऱ्याला किल्ली हातात ठेवायची, आणि एकदा, फक्त एकदा, ह्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, "मानलं तुमाला, नानासो." पोरीचा जाच तरी थांबेल. ह्यात माझं काय चुकलं, सांगा बरं?

मग बोलावलं जोतिबाला. हा आमच्या आळीतला, फौजेतनं हवालदार होऊन परत आलेला, तिकडं मोटारदुरुस्तीच्या पलटणीत होता. मिशा अशा, की नुसत्या मिशा बघूनच नट सैल व्हावा. आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर थाप मारायला हात उचलला, टपच नाही, हात तसाच खाली घेतला. मग चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "नानासो, साखळी."

"साखळी? गाडीत? सायकल आहे का ती?"

"आवं, इंजनाच्या म्होरल्या अंगाला आत साखळी असती. खालचं चाक वरच्या चाकाला तिनंच फिरवायचं. आन ती सैल पडू ने म्हनून तिला दाबून धरायला दोन टेन्शनर असत्यात. त्ये झिजल्यात. सायकलची चेन सैल पडल्यावर कशी कव्हरावर आपटती? तसंच. आन येक दिवस दातावरनं उडाली की इंजन आपलंच आपल्याला चावतंय. भुस्कट!"

भुस्कट म्हणाला हो! आणि गाडी व्याह्यांची!

मी विचारलं, "तुला जमेल का?" तर असं बघितलं माझ्याकडं की मीच शरमलो. "पासष्ट साली रणगाडा उघडलाय म्या. गोळं पडत हुतं आजूबाजूला. ह्ये तर खेळनं हाय, नानासो." आता तुम्हाला सांगतो, तिथंच माझी व्यापारी बुद्धी कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे. रणगाडा उघडलाय म्हणाला... पण मिटलाय का, हे मी विचारलंच नाही!

झालं. उघडली. आधी पाणी काढलं, मग पुढची जाळी, मग पंखा, मग पट्टा, मग हे झाकण, मग त्या झाकणामागचं झाकण... कांदा सोलावा तशी गाडी सोलत गेला. माझ्या परातींमध्ये नट, माझ्या वाट्यांमध्ये बोल्ट, माझ्या पूजेच्या ताम्हणात स्प्रिंगा! शेवटी साखळी दिसली. काळी, तेलकट, चांगली लांबलचक, दोन दातेरी चाकांवरनं गेलेली. जोतिबा म्हणाला, "आता ध्यान द्या. साखळी काडायच्या आदी खुना करायच्या. कुठला दात कुठल्या कडीत हुता त्ये कळाय पायजे. येक दात जरी इकडंतिकडं झाला तर गाडी चालू व्हायची न्हाई, आन झाली तर मोडंल. रंग हाय का घरात?"

रंग कुठला? मग तोच आत ओरडला, "शालूवैनी, वाईच कुंकू द्या, त्येलात कालवून!"

आमच्या मंडळींनी दिलं. विचारलंसुद्धा नाही कशाला. कुंकू मागितलं की द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि ह्या पठ्ठ्यानं काडीनं, अगदी नाजूक हातानं, वरच्या चाकाच्या एका दाताला एक टिकली, समोरच्या कडीला एक टिकली, खालच्या चाकाच्या एका दाताला एक, त्याच्या कडीला एक. "बास. ह्या टिकल्या समोरासमोर आल्या की काम फत्ते." मला इतकं बरं वाटलं म्हणता! म्हटलं, बघा, विलायती गाडी आणि सातारचं कुंकू!

मग साखळी निघाली, चाकं निघाली, आणि ते टेन्शनर... काय सांगू? रबराची टाच असलेला लोखंडी तुकडा असतो बघा, एवढासा. जोतिबानं हातात घेतला आणि कट्ट! दोन तुकडे. दुसरा घेतला, त्याचे तर तीन.  म्हणजे ह्या माणसानं सांगली ते सातारा, कऱ्हाडवरनं, हे असलं इंजिन घेऊन काळा चष्मा लावून प्रवास केला! आणि कंबर धरली म्हणतात! जीव वाचला हे बघा की!

ते तुकडे रुमालात बांधून मी यष्टीनं पुण्याला. तिथं एक जुन्या मोटारींच्या सामानाचं दुकान, जोतिबानं पत्ता दिलेला. दुकानदारानं फळीवरनं पिवळट कागदात गुंडाळलेले दोन नवे काढून दिले. मी सवयीप्रमाणं नखानं टिचकी मारली आणि कानाला लावला. दुकानदार म्हणतो, "अहो, हंडा घेताय का?" म्हटलं, माल बघून घ्यायची सवय आहे. तो म्हणाला, "चाळीस हजार मैल हलायचा नाही." घेतले. परत आलो तेव्हा अंधार पडला होता. सकाळी खंडेनवमी, त्यापुढं दसरा. म्हटलं, खंडेनवमीला सकाळी दुकानातल्या तराजूची पूजा उरकतो, जोतिबा त्याच्या घरची पूजा उरकून येतो, संध्याकाळपर्यंत साखळी बसवतो, दसऱ्याला व्याही हजर, गाडी हजर. हिशोब कसा चोख!

आणि खंडेनवमीला, दुपारी, दुकानातनं घरी आलो. शेडाकडं गेलो. उदबत्तीचा वास आला. म्हटलं, शेडात उदबत्ती? पुढं झालो आणि... तुम्हाला सांगतो, माझे पाय जागच्या जागी! मध्यभागी पाट. पाटावर नवं खणाचं कापड. त्यावर जोतिबाचे पाने, हातोडी, पक्कड, सगळं रांगेत. त्यांच्यामध्ये ती दोन दातेरी चाकं. चिंचेनं घासून, राखेनं पुसून अशी लख्ख, की विक्रीला ठेवावीत! भोवती वेटोळं घालून साखळी, तीही घासलेली, नागोबासारखी! वर झेंडूच्या माळा. पुढं खोबऱ्याची वाटी. आणि दातांना... प्रत्येक दाताला हळद, प्रत्येक दाताला कुंकू! प्रत्येक कडीला कुंकू! एकही दात सोडला नाही!  आणि गाडी व्याह्यांची!

"शालूऽऽ! हे काय केलंस?"

आमच्या मंडळी पदराला हात पुसत आल्या. "का? काय झालं?"

"ह्या चाकांना कुंकू कुणी लावलं?"

"म्या. खंडेनवमी हाय. घरातलं लोखंड पुजायचं न्हाई तर काय पुजायचं?"

"अगं, पण प्रत्येक दाताला?"

"मग? तुमी दोघांनी एका दाताला लावून सोडलं हुतं. एकाला कुंकू आन बाकीची कोरडी! मला वाटलं, पुरुषमाणसं, पूजा आर्धवट टाकून गेली. म्हनून म्या पुरी केली. त्यातबी तुमच्या टिकल्या वाकड्या हुत्या, त्या पुसून नव्या लावल्या."

पुसून नव्या! ऐकलंत? पुसून नव्या लावल्या! मी खाली बसलो. पाटासमोरच बसलो, तर ही म्हणते, "बसलाच हाय तर नमस्कार करा."

तेवढ्यात जोतिबा आला, कपाळाला गंध लावून, धुतलेली टोपी घालून, खुशीत. शेडात पाऊल टाकलं आणि ज्या माणसानं गोळे पडताना रणगाडा उघडला म्हणतो, तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मिशा खाली आल्या हो त्याच्या!  मग म्हणाला, "वैनी... लय छान मांडलीया पूजा."

मी म्हटलं, "जोतिबा, आता?"

"आता काय? बोंबला."

म्हटलं, "निदान बसवायला तरी लाग! अंदाजानं!" तर तो दोन पावलं मागं. "आज? पुजलं नसतं तर बसवलंबी असतं, पर पुजल्याल्या हत्याराला हात लावू? नानासो, फौजेत बत्तीस मुलखाची पोरं हुती, पर खंडेनवमीला पुजल्याला पाना उचलल्याला येक गडी दावा. न्हाई. उद्या हत्यारं हलवायची, मग बघू." दुसऱ्याचे पाने आणू म्हटलं, तर सबंध साताऱ्यात त्या दिवशी एकही पाना पाटावरनं उतरलेला नाही! सगळ्या शहराचं लोखंड देव होऊन बसलेलं, आणि माझ्या शेडात गाडी पोट फाडून पडलेली! मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नाही लागली. डोळ्यांपुढं एकच, लालासाहेब दारात, काळा चष्मा काढताहेत, बघताहेत, आणि सांगलीत माझ्या पोरीला जन्मभर... आता घागरीवर थोडंच भागणार होतं? आता गाडी!

दसऱ्याला सकाळी, सूर्य उगवायच्या आत मी हत्यारं हलवली. अक्षता टाकल्या, पाट हलवला, जोतिबाला ओढून आणला. चाकं घेतली रॉकेलात, हळद-कुंकू धुतलं, आणि हा डोळ्याशी धरून फिरवायला लागला. फिरवतोय, फिरवतोय... आणि एकदम थांबला. मी म्हटलं, "काय?" पुन्हा फिरवलं. मग दुसरं चाक उचललं, तेही फिरवलं. मी जवळ जाऊन बघितलं तर, तुम्हाला सांगतो, चाकाच्या अंगावर, दाताच्या बुडाशी, केसाएवढी एक रेघ! कोरलेली! कारखान्यातनंच कोरून आलेली! इतक्या वर्षांच्या काळ्या तेलाखाली गाडली गेलेली, ती आमच्या मंडळींच्या चिंचेनं वर आली! दुसऱ्या चाकालाही तशीच!

मी म्हटलं, "जोतिबा, म्हणजे खुणा आधीच होत्या?"

मिशा लगेच वर. "असत्यातच की. मला ठाऊकच हुतं."

ठाऊकच हुतं! मग काल चौकट धरून काय उभा होतास, दसऱ्याचं तोरण बांधायला? पण म्हटलं, नको, आत्ता नको, पाना त्याच्या हातात आहे. आत मंडळी ऐकत होत्या.  नुसती चहाची कपबशी आणून ठेवली, जरा जोरात.

मग चाकं बसली, रेघेला रेघ लागली, साखळी चढली, नवे टेन्शनर बसले, झाकणं, पट्टा, पंखा, जाळी... शेवटी परातीत एक बोल्ट उरला. जोतिबा म्हणाला, "ह्यो जादाचा हाय." जादाचा! असो. आधी हातानं इंजिन फिरवून बघितलं, कुठं अडलं नाही. मग मी डोळे मिटले, जोतिबानं बटण दाबलं, आणि... खळखळ नाही, खडखड नाही, काही नाही! नुसतं मांजर निजल्यासारखं घुर्र... घुर्र... कान देऊन ऐकलं तर! शेजारच्या भिंतीवरचा कावळासुद्धा उडाला नाही! जोतिबानं मला मिठी मारली, माझा नवा सदरा काळा झाला, म्हटलं, होऊ दे काळा!

दुपारी लालासाहेब यष्टीनं आले, मनूला घेऊन. आपट्याची पानं दिली, घेतली. किल्ली हातात ठेवली. बसले, चालू केली, आणि हात तसाच. बंद केली. पुन्हा चालू केली. खाली उतरून इंजिनकडं बघितलं. मी तुटलेले तुकडे रुमालात दाखवले, सगळं सांगितलं. कुंकवाचं सोडून.  मग माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि, तुम्हाला सांगतो, सगळ्या आळीसमोर म्हणाले, "मानलं तुमाला, नानासो! कान हाय तुमच्याकडं. त्या घागरीचं म्या उगाच बोललो हुतो." माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं! तीन वर्षं वाट बघितली होती मी त्या वाक्याची! वळून मनूकडं बघितलं, म्हटलं, पोरीचा चेहरा फुलला असेल...

तर पोरगी पांढरीफटक! हात धरून मला स्वयंपाकघरात ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणते, "आबा, हे काय करून ठेवलंत?"

"का गं? काय झालं?"

"अहो, तो खळखळाट मारुतीच्या चौकातनं आम्हाला ऐकू यायचा! तो ऐकू आला की सासूबाई पानाचा डबा पलंगाखाली सारायच्या, ह्यांची विडी विझायची, रेडिओ बंद, मी डोक्यावर पदर घेऊन चहा टाकायची. मामंजी दारात येईपर्यंत सगळं घर जागच्या जागी! दुकानातले हमालसुद्धा त्या आवाजावर पोत्यावरनं उठायचे! एवढ्यावर तर चाललंय सगळं त्या घरात! आता ते आवाज न करता थेट दारात उभे राहणार? आम्ही कसं जगायचं, आबा?"

 बाहेर लालासाहेब खुशीत हाका मारताहेत, "सूनबाई, चला, शिलंगनाला सांगली गाठायचीय!" ती बसली. माझ्याकडं असं बघत गेली की... आणि गाडी बोळातनं गेली तर गेल्याचं कळलंसुद्धा नाही!

मी जोतिबाला विचारलं, "बाबा रे, हे नवे टेन्शनर झिजायला किती दिवस लागतात?" तर छाती काढून म्हणतो, "आपन बसवल्यात. झिजायचं नाव न्हाई."

आता गाडी चांगली चालते म्हटल्यावर लालासाहेबांची कंबरसुद्धा बरी झालीय. दर पंधरवड्याला सातारला येतात. न कळवता. परवाच मी पडवीत उघड्या अंगानं, पाय पसरून, शेंगा सोलत, ह्या मंडळींना सांगत होतो, "अगं, तो सांगलीचा हळद्या म्हणजे..." आणि मंडळी डोळ्यांनी खुणावताहेत, मी म्हणतोय, "खुणावतेस काय, बोलू दे की मला," आणि मान वळवली तर मागं काळा चष्मा!

चहा टाकायलासुद्धा सवड मिळाली नाही हो.